डबल बेलशिवाय हलायचं नाही

कसबा बावड्यात आमच्या दारासमोर एक जुनी मिनीबस उभी असते. आत दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि छताखालून मागपासून पुढपर्यंत ताणलेली दोरी. पै-पाहुणे शेगडीचं कौतुक करतात आणि दोरीबद्दल विचारतात. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावरची घंटी वाजते. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं.

आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं कोकणातल्या मुक्कामी गाड्या चालवल्या. संध्याकाळी गाडी समुद्राकाठच्या गावात न्यायची, सकाळी परत आणायची. पण पाण्यात पाय म्हणून घातला नाही. मला मात्र लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं, तुला समुद्र दाखवतो म्हणून. मी तेवढीच वर्षं वाट बघितली आणि तेवढीच वर्षं टोमणे मारले. निवृत्त झाल्यावर यांनी भंगारात निघालेली शाळेची मिनीबस घेतली आणि ओळखीच्या बॉडीवाल्याकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. बिछान्याचं माप चुकलं, यांचे पाय बाहेर लोंबायचे. घंटीचं माप मात्र स्वतः उभं राहून दोनदा घेतलं होतं.

आंबा घाटानं खाली उतरलो. पहिल्या मुक्कामानंतर सकाळी भांडी आवरून मी पुढं येऊन बसले. हे स्टिअरिंगवर, इंजिन चालू, पण गाडी हलेना. काय झालं विचारलं तर म्हणाले, "डबल दिल्याबिगर कशी काढू?" त्या दिवसापासून मी कंडक्टर. शिवाय डावीकडून काय येतंय तेही सांगत बसायचं. ते कंडक्टरचंच काम असतं, असं यांचं म्हणणं. मला कसलं ठाऊक, मी खुशीत सांगत बसायची. सायकल आली, म्हैस आली, माडाची झावळी पडलीय.

पावस गावाच्या पुढं एका रिकाम्या किनाऱ्यावर गाडी लावली. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा खांदा घट्ट धरून पाण्यात उतरले. चारचौघांत कधी माझ्या शेजारून न चाललेला माणूस. मला वाटलं, म्हातारपणी लाड सुचतायत. मी लाजलेसुद्धा. तो समुद्र, सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास, ओल्या पायांनी गाडीत केलेला चहा, सगळं आजही जसंच्या तसं आठवतं. इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

मालवणात माझं डोकं दुखत होतं म्हणून गोळी शोधायला यांची पिशवी उपसली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद निघाला. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय, वाहन चालवू नये. तारीख आम्ही निघायच्या आधीची. खांद्यावरचा हात कशासाठी होता ते तेव्हा कळलं. मी तव्यावरचा बांगडा तसाच जळू दिला आणि तोंडाचा पट्टा सोडला. यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला समुद्र दावायचा राहिला हुता," म्हणाले. "गाडी चालवायची सुटल्यावर कसा दावणार?"

"एसटीनं आले असते की मी," मी म्हटलं.

तो विचार यांच्या डोक्यात आलाच नव्हता. तीस वर्षांत यांच्या हातून कुणाला ओरखडा आला नव्हता, त्याचा बिल्ला अजून कपाटात आहे. घाट तर डोळे झाकून चढवीन, म्हणाले. तेच तर व्हायला लागलंय, असं मी सुनावलं, पण यांनी सपाटीवर हळू चालवतो म्हटल्यावर मी कबूल झाले. ही माझी चूक. कणकवलीच्या पुढं डावीकडून एक बाई स्कूटीवर आली. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. ती शिव्या देत गेली. यांना ती शेवटपर्यंत दिसली नव्हती.

फोंड्याला, घाटाच्या पायथ्याशी, चहाला थांबलो. मग हे आपल्या जागेवर बसले, इंजिन चालू केलं, गिअरवर हात ठेवून वाट बघू लागले. मी दोरी एकदा ओढली आणि सोडून दिली.

"दुसरी?" यांनी विचारलं.

"न्हाय द्यायची."

माझ्याशी, डेपोतल्या साहेबाशी, डॉक्टरांशी हे हुज्जत घालतील, पण एका बेलवर गाडी पुढं काढल्याचं आयुष्यात घडलं नाही. यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या ओच्यात टाकली. गाडी दुसऱ्या दिवशी बॉडीवाल्यानं येऊन आमच्या दारात आणून लावली.

आम्ही कोल्हापूरची एसटी धरली. मी यांना मुद्दाम खिडकीशी बसवलं. कंडक्टरनं डबल दिली तेव्हा यांचा उजवा पाय चपलेतल्या चपलेत दाबला गेला. घाट लागल्यावर हे सगळी मान वळवून बाहेर बघत राहिले.

"एवढी दरी हाय व्हय हितं?" म्हणाले. "मी कधी बघितलीच न्हाय."

"तुमी रस्ता बघत हुता की," मी म्हटलं.

यांनी माझा खांदा धरला, पाण्यात धरला होता तसाच. पडायची भीती नव्हती, दोघंही बसलेलो होतो. घाट संपून राधानगरी आली तरी हात तिथंच होता.