अंगठीवाल्याला घेऊन यवतमाळ

लोक यवतमाळला लग्नाच्या खरेदीला जातात. मी नवऱ्याचं आतडं दाखवायला गेली. तुमच्यावरही अशी पाळी येऊ शकते, म्हणून लिहून राह्यली. ज्याला लाज वाटते त्यानं इथूनच मागं फिरावं.

हे सगळं एका अंगठीवरून निघालं. आमच्या गावात उपकेंद्राची सिस्टर घरोघरी बीपी तपासायला येते. आमच्या ह्यांच्या दंडाला पट्टा बांधता बांधता तिची नजर बोटावर गेली. घाटंजीच्या बाजारात मूळव्याधीवर पिळाची अंगठी मिळते, ती यांनी घातली होती.

"दादा, रक्त पडते काय?" तिनं सरळच विचारलं.

"नाई तं. हौसेची हाय."

"ही अंगठी हौसेनं कोनी घालत नाई. कवापासून पडते?"

हे छताकडं पाहू लागले. मीच सांगितलं, दिवाळीच्या आधीपासून. मग तिनं एकेक विचारलं. सकाळची सवय बदलली का? जाऊन आल्यावरही पोट भरल्यासारखंच वाटते का? वजन उतरलं? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर? माझे सासरे पोट धरून धरूनच गेले. कशानं गेले, ते कोणी पाह्यलंच नाही.

"मूळव्याध असू शकते," सिस्टर म्हणाली, "पण आत पाह्यल्याबिगर मूळव्याध म्हनाचं नाई. गाठ असली अन् लवकर सापडली, तं काढून टाकता येते."

तिनं चिठ्ठी दिली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून आतड्यात दुर्बीण घालून पाहायची तारीख दिली. पण आमच्या ह्यांनी तिथंच बजावलं, "आनखी एक डाव येतो. पुन्हा बोलावलं तं मी येनार नाई." या माणसाला मी ओळखते. म्हणजे जे होईल ते एकाच खेपेत व्हायला पाहिजे होतं.

आता कामाचं ऐका. तपासणीच्या आधी आतडं पार रिकामं लागते. बियांचं काही खायचं नाही, पेरू नाही, टमाटर नाही, तीळ नाही, तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, तर नाहीच. पांढरा भात चालतो. आदल्या दिवशी नुसतं पातळ, अन् संध्याकाळपासून जुलाबाच्या पावडरचं पाणी प्यायचं. सिस्टरनं मला हात जोडून सांगितलं, "ताई, ते पिऊन एसटीत बसवू नका त्यायले." म्हणून आदल्या दिवशीच निघालो. यवतमाळात माझी नणंद कमल राहते.

घाटंजीवरून सकाळच्या गाड्या भरून येतात, लवकर जाऊन उभं राहा. बायांना अर्धं तिकीट आहे. रस्ता चांगला आहे, मध्ये सागाचं जंगल लागते, पण आमच्या ह्यांना जंगल दिसत नव्हतं. त्यांना बाजूच्या बाईच्या पदरातल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिसत होत्या. हिवाळ्यात आमच्याकडं शेंगा सोलल्याशिवाय प्रवास होतच नाही. बाईनं ओंजळ पुढं केली. मी तिचा हात मागं सारला.

"काहून वं, बाटते काय आमच्या हातचं?"

"बाटत नाई. ह्यायचं आतडं धुवाचं हाय."

सगळ्या गाडीनं माना वळवल्या. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "कुठं धुऊन देतेत बाई? माह्यंबी न्याचं होतं." सगळे हसले. आमच्या ह्यांनी यवतमाळ येईपर्यंत खिडकीकडचं तोंड आत वळवलं नाही.

कमलकडं त्यांना बसवलं अन् मी पावडर आणायला मेडिकलात गेली. परत येऊन पाहते, तर समोर सोल्याच्या भाजीचं रिकामं ताट!

"दादा वर्षानं घरी आला वयनी," कमल म्हणाली, "त्याले काय पेज पाजू?"

मी ताट उचलून आपटलं. मग सिस्टरला फोन लावला. ती चिडली नाही. म्हणाली, "पानी पुरं पाजा. अन् उद्या गेल्या गेल्या तिथल्या सिस्टरले खरं सांगा."

हे हळूच म्हणाले, "सांगशीन तं परत पाठवतीन. मंग मी येत नाई."

मला ठाऊक होतं. पण न सांगता आत नेलं, अन् सोल्याखाली गाठ लपून राह्यली, तर? सासऱ्यांचं पोट माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हतं.

सकाळी दवाखान्यात मी सांगून टाकलं. तिथली सिस्टर कामात बुडालेली. तिनं मानही वर केली नाही. "सोले काय? हिवाळ्यात सगळे सोलेच खाऊन येतेत." तिनं आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, आणखी पाणी दिलं अन् यांचा नंबर सगळ्यात शेवटी टाकला. "गोमूत्रासारखं पिवळं झालं का सांगा. त्याच्या आधी नाई." मी संडासाच्या दाराशी उभी राहून विचारत होती, "झालं काय पिवळं?" लोक पाहत होते, पाहू दे.

आत नेताना सिस्टरनं अंगठी काढून माझ्या हातात दिली. बोटावर गोल पांढरा वळ उमटला होता.

बाहेर आले तेव्हा गुंगीत होते. मूळव्याध नव्हतीच. आत कुत्र्याच्या छत्रीसारखा एक कोंब होता. दुर्बिणीतूनच काढला, तपासायला पाठवला. पुढं रिपोर्ट आला. कॅन्सर झाला नव्हता, पण तो कोंब त्याच वाटेनं निघाला होता. पुन्हा दाखवायला जायचं आहे. "येईन," म्हणाले, तोंड वाकडं करून.

अंगठी मी देवळीत ठेवली होती. परवा शेजारची शांता आली. "भाऊजीले गुन आला म्हनतेत. ते अंगठी दे ना, आठ दिवसांसाठी."

"कोनासाठी?"

"अशीच."

मी तिच्याकडं पाह्यलं. गालफडं बसली होती. एरवी मी तिला हाकलून दिली असती. पण माझ्या तोंडून सिस्टरचाच प्रश्न निघाला, "शांते, रक्त पडते काय?"

ती उंबरठ्यावर खाली बसली. तिनं पदर तोंडाशी धरला अन् होय म्हणून मान हलवली.

मी अंगठी तिला दिली नाही. चपला घातल्या. "चाल," म्हटलं, "सिस्टर आज सेंटरवर हाय."