माउलीवरची चादर

माझी ताई जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धूत आली. रक्त, पू, ओकारी, सगळं तिच्या हातांखालून गेलं, पण तिने कधी नाक मुरडलं नाही. मला ते जमलं नसतं. मला तर तिच्या दोन्ही मुलांचीच किळस येते, आणि ती मी लपवतही नाही.

खुब्याचं हाड मोडलं आणि ताई अंथरुणाला खिळली. तिच्या खोलीत कोनाड्यात मारियामाउलीची मूर्ती आहे, सासूने लग्नात दिलेली. थोरला जुन्या चर्चचा, रोज माळ जपणारा. धाकटा बायकोपाठोपाठ मूर्ती न मानणाऱ्या नव्या मंडळीत गेला आणि तेव्हापासून ती मूर्ती त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. ती असेपर्यंत खोलीत पाऊल टाकणार नाही, असं हा म्हणाला. ती हलली तर घरात पाऊल टाकणार नाही, असं थोरला. दोघांचीही पावलं भलतीच पवित्र! थोरल्याचे फादर आणि धाकट्याचे पाळक, दोघांनीही त्यांना "आधी आईकडे बघा" म्हणून बजावलं होतं. पण आपल्याहून कमी धर्म कळणाऱ्यांचं ऐकायचं कशाला?

ताईचं मागणं एकच होतं. "दोघं एकदा एकत्र माझ्यापाशी येऊ देत."

त्या रविवारी मी गेले तर दोघं बाहेरच्या खोलीत उभे, एकमेकांना येशूची आई समजावत.

"क्रुसावरून त्याने आपली आई शिष्याच्या हाती दिली," थोरला म्हणत होता. "म्हणजे ती आपल्या सगळ्यांची आई झाली. तिला मान नको?"

"मान दे की! प्रार्थना कशाला? त्याने म्हातारपणी तिची सोय लावली, एवढंच."

"माझ्या माउलीबद्दल जपून बोल हं!"

"अरे, पण तो शिष्य तिला घरी घेऊन गेला ना?" मी मध्येच म्हटलं. "का बाहेर उभा राहून वाद घालत बसला?"

"मावशी, तुला यातलं काही कळत नाही," थोरला म्हणाला. धाकट्याने मान डोलावली. तेवढ्यापुरतं भावांचं एकमत झालं.

मग कळलं की तडजोड झालीय. धाकटा येईल तेव्हा मूर्ती झाकून ठेवायची. "मग आत का नाही गेलात?" मी विचारलं. धाकट्याने नाकाला रुमाल लावला. "आत वास येतोय गं. तू आधी साफ कर, मग जातो."

मी आत गेले. वास होताच. ताई ओल्या चादरीवर पाय आखडून पडली होती, पाठीखालचं कापड अंगाला चिकटलेलं. बदलायला म्हणून काल मी एक चादर धुऊन, इस्त्री करून उशाशी ठेवली होती. ती कोनाड्यात होती. मूर्तीला डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळली होती, निऱ्या घातल्यासारखी नीटनेटकी. एवढं करायला थोरला आत येऊन गेला होता. आईच्या उशाशी हात घालून त्याने कोरडी चादर उचलली, आणि ओली त्याला दिसली नाही.

"ताई, अगं ओरडायचं तरी!"

"राहू दे गं. दोघं एकदम आलेत. भांडत नाहीयेत ना?"

मी कोनाड्याशी गेले आणि चादर ओढली. मूर्ती डुगडुगली.

"मावशी!" थोरला असा धावला की त्याच्या अंगात एवढी चपळाई असेल असं मला वाटलं नव्हतं. मूर्ती पडायच्या आत त्याने दोन्ही हातांनी झेलली आणि छातीशी धरली. "लागलं असतं की तिला!"

धाकटाही रुमालासकट आत घुसला. "झाकायचं ठरलं होतं ना? मग उघडी का केली?"

मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ताईला भिंतीकडे वळवलं. "अर्धी गुंडाळी कर, पाठीला लावून ठेव," ती पडल्या पडल्या सांगायला लागली, "मग मला इकडे वळव आणि पलीकडून ओढून घे." इस्पितळात असंच करतात. तसं केलं आणि तिचं तोंड दाराकडे झालं.

तिने दोघांना पाहिलं. एकाने मूर्ती कवटाळलेली, दुसरा तिच्यावरून त्याला बोलतोय. आईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ताईचा चेहरा मात्र उजळला.

"आले बघ गं दोघं," ती म्हणाली.

मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं.