शेजारचा तारा

माझी थोरली बहीण फार हुशार, असं सगळे म्हणतात. माझ्यासारखं तिच्याबरोबर एका घरात राहा आणि मग बोला.

आकाशाकडे बघून मुलीचं पोट भरत नाही, असं शाळेत मास्तर म्हणाले होते. हिनं भरून दाखवलं! दिवसा कॉलेजात खगोलशास्त्र शिकवायचं, अंधार पडला की वेधशाळा गाठायची. दुर्बीण आधी पुरुषांना. हिच्या वाट्याला उरलासुरला वेळ, तोही ढगाळ. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "बघू, आभाळ मोकळं झालं की." त्या उरल्यासुरल्या वेळात हिनं एकच तारा धरला आणि वीस वर्षं सोडला नाही. तो फिका पडत चाललाय, हा तिचा शोध. शेजारचा तारा कायम सारखाच, म्हणून त्याच्याशी ताडून बघायचं, एवढीच युक्ती. त्यावर हिचं नाव झालं. वेधशाळेच्या प्रमुखाची खुर्ची दोनदा हातातोंडाशी येऊन गेली होती. या खेपेला मात्र पक्की होती. सोमवारची मुलाखत तेवढी उरली होती.

आणि शुक्रवारी वर्गात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आपला फिका पडतोय कशावरून? शेजारचाच उजळत असेल तर?"

ताईनं दोन दिवस तहानभूक विसरून वीस वर्षांच्या नोंदी उपसल्या आणि आजूबाजूच्या इतर ताऱ्यांशी ताळा घेतला. पोरगी बरोबर! हिचा तारा जसाच्या तसा, उजळत होता तो शेजारचा.

"उद्या तोंडाला कुलूप लाव," मी म्हटलं. "खुर्चीत बस, मग सांग जगाला. कोण विचारतंय?"

"हं," म्हणाली. मी खुळी, हं म्हणजे हो समजले. कपाळ माझं! मुलाखतीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय, तर माझा शोध चुकलाय. हरिश्चंद्राची मावशीच की नाही! खुर्ची गेली, तीही हिनंच शिकवलेल्या एका दिवट्याकडे.

मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी भांडी आपटत होते.

"त्या पोरीला वर्गात गप्प बस म्हणणार होते," ती म्हणाली. "अगदी ओठांवर आलं होतं. मलाही असंच गप्प बसवायचे, म्हणून गिळलं."

"फार शहाणी! तुला काय, तुला कुठे पडलीये त्या खुर्चीची!"

"हवी होती गं," ती म्हणाली. "फार हवी होती." आणि ओट्याला टेकून हमसाहमशी रडायला लागली.

इतक्या वर्षांत हे एकदाही बोलली नव्हती, मेली.