पंप बोलून नाही राहिला

नांदेडहून हिमायतनगरला, म्हणजे सासुरवाडीला, मी हल्ली भोकरवरून जातो. बायकोनं विचारलं तर रस्ता चांगला झालाय असं सांगतो. आधी अठरा वर्षं मी हदगावचा वळसा घालून जायचो, तो फक्त तिथल्या एका गाडीच्या मिस्त्रींसाठी. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. बोनेट उघडायच्या आधी चाचा नुसते कान देऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिसरा प्लग रुसून राहिला, सर." प्लग काढला की खरंच तिसराच निघायचा.

मला सर म्हणायचे, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. परिपथ कुठंही तुटला तर धारा वाहत नाही, हे वाक्य मी एकवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पुढं जे घडलं ते वाचताना हे वाक्य ध्यानात असू द्या. माझ्या नव्हतं.

त्या दिवशी फक्त इंजिनाचा पट्टा ताणून घ्यायचा होता. चाचा खुशीत होते, घाबरलेलेही होते.

"सर, शाळेच्या तीन गाड्यावाले येऊन राहिले आज. वर्षभराचं काम देतो म्हणले. पण कोणीतरी त्यांचे कान भरले, म्हाताऱ्याला दिसत न्हाई म्हणून. आज स्वतः बसून पाहणार हायेत, माझा हात चालतो का न्हाई ते."

"अन् दिसतं का?"

"थोडं कमी. पण गाडी काय डोळ्यानं दुरुस्त होती का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे काम गेलं तर दुकान बंद, सर. दुसरं गिऱ्हाईक राहिलंच न्हाई."

"मी आहे ना! मी सांगतो त्यांना, असा मिस्त्री जिल्ह्यात नाही." असं छातीवर हात ठेवून म्हणालो, गाडी त्यांच्या दारात सोडली आणि समोरच्या हॉटेलात भजी खायला गेलो.

परत आलो तर गाड्यावाले खुर्ची टाकून बसलेले. पट्टा झाला होता. चाचा ऐटीत म्हणाले, "सर, जरा चालू करा. आवाज ऐकू द्या यांना."

मी चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, गाडी काही चालू होईना. पुन्हा फिरवली. नुसतं घर्रघर्र. बाजाराचा दिवस, दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली.

चाचा शांत होते. "सेल्फ घेऊन राहिली, म्हणजे बॅटरी चांगली." एक प्लग काढून इंजिनाला टेकवला, मला सेल्फ मारायला लावला. "टिकटिक ऐकू येती? करंट हाय." मग मागच्या सीटला कान लावून बसले. "फक्त चावी लावा, सर. सेल्फ नका मारू." मी चावी लावली. ते ऐकत राहिले. "पंप बोलून नाही राहिला. पेट्रोल पुढं येईना." फ्यूज बोटांनी चाचपून पाहिला, तोही चांगला. सगळं अगदी बरोबर चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "सर, चोरी होऊ नये म्हणून कुठं चोरबटन बसवलंय का, पंपाच्या वायरीत?"

"चाचा, गाडी माझी आहे. मला ठाऊक नसेल का? नाही बसवलं."

"मग वायर तुटली असंल मधी." ते डॅशखाली वाकले. म्हणाले, लाल वायर पाहतो, आणि हातात धरली हिरवी. गाड्यावाल्यांच्या कपाळावर आठी आली. ती मला दिसली. तिथंच मी बोलायला हवं होतं. बोललो तसा मी, पण काय बोललो?

"चाचा, वायर तुटलेली नाही, लाजून हिरवी झालीय!"

लोक हसले. एकवीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी हसलं नाही हो. हसू म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून दुसरं सोडलं, "सांभाळून, नाहीतर माझी सुंता कराल!"

त्यावर तर टाळ्या पडल्या. चाचा वाकलेलेच राहिले. फक्त त्यांचा हात थांबला.

हसता हसता मी सीटवर रेललो, हात खाली गेला आणि बोटाला बटन लागलं.

चोरबटन. गेल्या वर्षी शेजाऱ्याची गाडी चोरीला गेल्यावर मीच बसवलेलं, घरात उरलेलं लाइटचं बटन वापरून. चाचांनाही सांगितलं नव्हतं. मिस्त्रीचा काय भरवसा, असं तेव्हा वाटलं होतं. परगावी गाडी उभी करताना आणि निघताना माझा हात आपोआप सीटखाली जातो. त्या हाताची आणि माझ्या डोक्याची फारशी ओळख नाही. भज्यांना जाताना मीच ते बंद केलं होतं, आणि परत आल्यावर गाड्यावाल्यांसमोरच्या ऐटीत चालू करायचं राहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी, चाचा बरोबर होते. पण पंधरा माणसं, दोन विनोद आणि फिजिक्स. मी मोठ्यानं खोकलो आणि खोकल्याच्या आड बटन दाबलं. टक्.

मग उतरून बोनेटात डोकं घातलं, कुठलीशी वायर हलवली. "लूज कनेक्शन! व्हा बाजूला, चाचा." चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

"वा सर!" गाड्यावाले उठले. चाचांकडं न बघता मला विचारलं, "नांदेडात कोणी चांगला मिस्त्री हाय का ओळखीचा?"

मी सांगितला. पत्ताही नीट समजावून दिला. ते गेले, गर्दी पांगली.

चाचा फडक्यानं हात पुसत खिडकीशी आले. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "सर, सीटखालचं बटन ढिलं झालंय. आवाजावरून कळतं. रस्त्यात दगा देईल, टाइट करून घ्या."

मी म्हणालो, "कोणतं बटन?" आणि काच वर केली.