कॉपी वाचणारी मुलगी

परवा भाची म्हणाली, “मावशी, तो मेसेज कॉपी करून पाठव ना,” आणि मला हसूच फुटलं. आजकाल कॉपी म्हणजे मोबाइलवर बोट दाबून धरायचं, बस्स! मी तर बाई कॉपीच्या जिवावर तीन वर्षं पगार घेतलाय.

सिकंदराबादच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात मी कॉपी-होल्डर होते. तिथे हा शब्द दिवसभर नुसता नाचायचा. बातमीदाराने लिहून दिलेला कागद म्हणजे कॉपी. छापून आलेला अंक, तोही कॉपी. दोन पुढारी भांडले की उपसंपादक हात चोळत म्हणायचे, “वा, काय कॉपी आहे!” म्हणजे मजकूर चमचमीत. खालून छपाईचे खिळे जुळवणारे ओरडायचे, “कॉपी किदर है, अम्मा? खाली बैठे हम!” म्हणजे जुळवायला मजकूर नाही, हात रिकामे. आणि अंबरपेठेत, आमच्या गल्लीत, कॉपी म्हणजे परीक्षेतली लपवलेली चिठ्ठी. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, “आमची कॉपीचं काम करते,” आणि त्या बिचाऱ्या माझ्याकडे कीव करून बघायच्या.

काम असं होतं. समोर प्रूफरीडर, त्यांच्या हातात छपाईचा कच्चा कागद. माझ्या हातात मूळ कॉपी. ती मी मोठ्याने वाचायची, एकसुरी, धडाधड, आणि दिसेल ते सगळं वाचायचं. कॉमा, फुलस्टॉप, ब्रॅकेटसुद्धा. एक टिंबही गाळायचं नाही. इतकी सवय जडली होती की दुकानाची पाटी वाचली तरी तोंडातून कॉमा बाहेर पडायचा.

अशातच मला बघायला एक मुलगा आला. नोकरीला सिकंदराबादेत, घर पुण्याचं. आत येताना उंबऱ्याला ठेचकाळला आणि स्वतःच खो खो हसला. काय सांगू, मला तो तिथेच आवडला! देवा, हे जमू दे, एवढंच मी मनात घोकत बसले.

पण त्याची आई भारी कडक. म्हणाली, “इकडच्या मुलींना मराठी वाचता येतं का हो? बोलणं तर अर्धं हिंदीच वाटतं.” बाबांचा चेहरा लाल झाला. टेबलावर मुलाच्या माहितीचा कागद होता, पाहुण्यांनीच आणलेला. बाबांनी तो वरवर बघून ठेवून दिला होता. बाईंनी तोच माझ्या हातात दिला. “हे वाच बघू.”

हातात कागद, समोर माणसं. झालं! माझी गाडी सुटली.

“जन्मठिकाण, कोलन, पुणे, फुलस्टॉप. उंची, कोलन, पाच फूट आठ इंच, फुलस्टॉप.”

बाईंचे डोळे विस्फारले. दाराआड बहीण तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मला सगळं कळत होतं हो, पण थांबताच येईना.

“शिक्षण, कोलन, बी.कॉम., ब्रॅकेट, दोन विषय राहिले आहेत, ब्रॅकेट बंद, फुलस्टॉप.”



“राहिले आहेत?” बाबा म्हणाले. “आम्हाला पदवीधर सांगितलं होतं!”

“अहो, ते बारीक अक्षरात होतं,” बाई पुटपुटल्या. “तेवढं कोण वाचतं?”

“आई नको म्हणत होती,” मुलगा शांतपणे म्हणाला. “मीच लिहायला लावलं.”

अस्सं! मला तो आणखीच आवडला. पण बाबा उठून उभे राहिले होते आणि बाबा उभे राहिले म्हणजे पाहुण्यांनी चपला शोधायच्या, हा आमच्या घरचा रिवाज. मी माझ्याच तोंडाने सगळ्याची माती केली होती. आणि त्याच तोंडातून आता भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

“बाबा, बसा! मला हा मुलगा पसंत आहे.”

आमच्याकडे मुलीने असं बोलायची पद्धत नव्हती. बाबा खरोखरच मटकन खाली बसले. आईने कपाळाला हात लावला.

पुण्याच्या बाई सावरून म्हणाल्या, “अगं, पण आमची पसंती कुणी सांगितलीय अजून?”

“मी सांगतो ना,” तो म्हणाला.