सगळ्यांत मागची गाडी

नंदू गेल्याचा फोन डॉक्टरांनी केला. मार्च संपत आला होता, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावच्या रस्त्यांच्या कडेचा बर्फ काळा पडला होता आणि मी खिडकीशी वाचत बसलो होतो. डॉक्टर फोनवर आधी काहीतरी वात्रट बोलतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी नुसतंच म्हणाले, "शशी, नंदू गेला. पहाटे. न्यूमोनिया होताच." मग "सुटला म्हणायचं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. पण आता काही आठवडे होऊन गेले तरी तो शब्द माझ्या घशाखाली उतरलेला नाही. आम्हाला ठाऊक असलेला नंदू त्याच्या बराच आधी, थोडा थोडा करून निसटत गेला होता आणि तेव्हा आम्ही सगळे त्याची वाट बघत, मजेत, चहा पीत बसलो होतो.

नंदू सांगलीचा. इंजिनिअर होऊन इकडे शिकायला आला आणि पुढे डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत त्यानं आयुष्यभर ब्रेकचं काम केलं. "लोक गाडी किती पळते ते विचारतात, मी ती थांबते कशी ते बघतो," असं तो पाहुण्यांना सांगायचा. आमची ओळख मराठी मंडळातली, पण मैत्री झाली ती निवृत्तीनंतर, आरव्हीमुळे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: झोपायला पलंग, शेगडी, मोरी, सगळं आत. डॉक्टर भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेनं एक घेतली. त्यांचं बघून आणखी पाच-सहा कुटुंबांनी घेतली. नंदूची सगळ्यांत मोठी, बसएवढी, जुनी. माझी सगळ्यांत लहान, व्हॅनमध्ये पलंग बसवलेली. माझी बायको नीला तिला काडेपेटी म्हणते. विंचवासारखं पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघायचं म्हणून नंदूच्या बायकोनं, माधवीवहिनींनी, आमच्या क्लबला 'बिऱ्हाड' हे नाव दिलं. मे महिन्यात बर्फ पुरता गेला की आम्ही बाहेर पडायचो ते ऑक्टोबरपर्यंत, दर महिन्याला कुठलं तरी तळं, कुठलं तरी जंगल.

मी फारसा बोलका माणूस नाही. चार माणसांत गेलो की पुस्तक काढून बसणारा. पण त्या सहलींत मला कधी परकं वाटलं नाही. सकाळचा चहा पाळीपाळीनं एकेका गाडीत व्हायचा आणि बाकीचे आपापले कप घेऊन तिथे जमायचे. दुपारी नंदूच्या गाडीच्या कापडी छपराखाली खुर्च्या मांडून मी जुन्या दिवाळी अंकातली एखादी कथा मोठ्यानं वाचायचो. नंदू पहिल्या पानातच झोपायचा आणि शेवटच्या पानाला जागा होऊन विचारायचा, "मग? तिनं लग्न केलं की नाही?" कथेत लग्नाचा संबंध नसला तरीही. संध्याकाळी निखाऱ्यावर वांगी भाजायची, माधवीवहिनी लोखंडी तव्यावर थालीपिठं लावायच्या. शेजारच्या गाडीतले गोरे आजी-आजोबा वासानं हळूच डोकवायचे आणि जेवूनच जायचे. आजोबांच्या नळाला गळती असली तर तोवर नंदू त्यांच्या गाडीखाली शिरलेला असायचा.

जागेवर पोचल्यावर गाडी मागे घेऊन नेमक्या चौकोनात लावणं हा मोठा सोहळा असे. आमच्यातले सगळे पुरुष इंजिनिअर नाहीतर डॉक्टर, त्यामुळे प्रत्येकजण मागे उभा राहून वेगवेगळं ओरडायचा. कुणी "येऊ द्या, येऊ द्या," कुणी "अहो, झाड आहे झाड," कुणी नुसतेच हात हलवायचा. डॉक्टरांची गाडी अशीच एकदा टेबलावर चढली, तेव्हापासून नंदूनं नियम केला: मागे बघायला एकच माणूस, आणि तो म्हणजे चालवणाऱ्याची बायको. "बाकीच्यांनी तोंडं मिटा." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे घरी ऐकतो ते इथेही ऐकायचं? मग आलो कशाला?"

दुसरा नियमही नंदूचाच. रस्त्यानं जाताना सगळ्या गाड्या एका ओळीत. पुढे डॉक्टर, कारण त्यांना पुढे राहायला आवडतं. सगळ्यांत मागे नंदू. कुणाचं चाक बसलं, कुणाचं सामान सुटलं, कुणाला घेरी आली, तर मागून येणारा थांबणार. म्हणून मागच्याला गाडीतलं सगळं कळायला हवं. प्रत्येकाजवळ वॉकी-टॉकी असायचा. तासाभरानं डॉक्टर विचारायचे, "शेपूट आहे का?" आणि नंदूचा आवाज यायचा, "आहे. चालू द्या." मिशिगनच्या उत्तरेला मैलोन् मैल नुसती झाडं, फोन लागत नाहीत. तिथे ते तीन शब्द ऐकले की नीला सीट मागे करून डोळे मिटून घ्यायची. आम्ही सगळेच त्या आवाजावर विसंबून होतो. मागे काय आहे ते आम्हाला बघावं लागत नव्हतं.

मागे काय आहे ते आम्ही बघतच नव्हतो.

नंदू उशिरा पोचू लागला. आधी अर्धा तास, मग एक तास, मग आमचा चहा होऊन भांडी विसळून झाली तरी त्याचा पत्ता नसायचा. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. "कुणाचं तरी पंक्चर काढत बसला असेल," डॉक्टर म्हणायचे. "गोरी बाई असेल तर दोन्ही चाकं काढेल." सगळे हसायचे. तो आला की टाळ्या व्हायच्या. तोही हसायचा. वॉकी-टॉकीवर हल्ली त्याच्याऐवजी माधवीवहिनी "आहे, चालू द्या" म्हणतात, हेही कानावर पडत होतं. कान ते ऐकून सोडून देत होते. पुढे चालणाऱ्या एखाद्या गाडीत कुणी असा रस्ता चुकत असता, तर ते मागच्या सगळ्यांना दिसलं असतं. पण नंदूच्या मागे कुणी नव्हतंच.

एका ऑगस्टात, तळ्याकाठच्या सार्वजनिक मोरीवर भांडी घासताना माधवीवहिनी नीलाला म्हणाल्या, "तो वाटेत कुणासाठीही थांबत नाही गं. आम्ही चुकतो." हे सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. वळण आलं की वहिनी सांगायच्या, तो वळायचाच असं नाही. कधी विचारायचा, आपण कुठे निघालोय. तपासण्या झाल्या होत्या, आजाराचं नाव कळलं होतं, औषध नव्हतं. व्हर्जिनियात हर्नडनला राहणाऱ्या मुलीला, ईशाला, ठाऊक होतं. आम्हाला सांगायचं नाही, असं नंदूनं वहिनींकडून कबूल करून घेतलं होतं. तेव्हा त्याला तेवढं कळत होतं.

त्यावर आम्ही बोलायला बसलो ते डॉक्टरांच्या घरी, नंदूला वगळून. त्याची किल्ली काढून घ्या, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "घरात तो चहा करू शकत नाही आता," त्या म्हणाल्या. "सही करताना अडतो. पण गाडीत बसला, तुमच्या मागे लागला, की माझा नंदू असतो. त्याला शेवटी राहू द्या ना. मी आहे शेजारी."

"वहिनी, रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंबाळंही असतात," डॉक्टर म्हणाले. ते बरोबर होते. वहिनीही चूक नव्हत्या... शेवटी अशा बैठकांत होतं तेच झालं. कुणाचंच पूर्ण न ऐकता मधला मार्ग निघाला: सप्टेंबरची एकच सहल, जवळची, आणि नंदूची गाडी मध्ये. पुढे डॉक्टर, मागे मी.

निघायच्या सकाळी डॉक्टरांनी ते नंदूला, गंमत केल्यासारखं, सांगितलं. नंदूनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं हे आम्हा सगळ्यांना समजलं. "मध्ये कुणाला घालतात माहितीये ना, डॉक्टर?" तो म्हणाला. "शाळेच्या सहलीत. पहिलीतल्या पोरांना." आणि गाडीत जाऊन बसला.

सॅगिनॉ शहर ओलांडल्यावर त्यानं व्यवस्थित सिग्नल देऊन गाडी रस्त्याकडेला घेतली आणि खिडकीतून हात काढून मला पुढे जायची खूण केली. मी त्याच्या मागेच थांबलो. उतरून त्याच्या खिडकीशी गेलो. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकनिशी त्याची ती मोठी गाडी हलत होती.

"काय झालं रे?"

"काही नाही. तू हो पुढे."

"आज मी राहतो ना मागे."

"तू मागे राहिलास तर तुझ्या मागे कोण, शशी?" त्यानं शांतपणे विचारलं. पलीकडे माधवीवहिनी खाली बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या, भाऊजी. येतो आम्ही." मी पुढे झालो. बराच वेळ तो मला आरशात दिसत होता, ठरलेलं अंतर राखून, पूर्वीसारखा. आम्ही वळलो तिथे तो सरळ गेला.

वहिनींनी त्याला एका पेट्रोल पंपावर कसंबसं थांबायला लावलं आणि फोन केला. डॉक्टरांच्या आरव्हीमागे एक छोटी मोटार बांधलेली असते, ती सोडवून आम्ही दोघे गेलो. नंदू पट्टा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. "सगळे पोचले?" त्यानं विचारलं.

"पोचले," डॉक्टर म्हणाले.

"मग ठीक." त्यानं किल्ली काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "आता तुम्ही घ्या. मला जरा झोप येतेय." किल्ली मागायची कशी, याची सबंध वाटेवर तयारी करत आलेले डॉक्टर, ती हातात घेऊन नुसते उभे राहिले.

'बिऱ्हाड' त्या दिवशी संपलं. तसं कुणी म्हटलं नाही. पुढच्या मे महिन्यात कुणाचे गुडघे, कुणाचे डोळे, कुणाच्या मुलांनी विकायला लावलेली गाडी... आमची काडेपेटीही नीलानं एका विद्यार्थ्याला देऊन टाकली. नंदूला दीड वर्षानं विस्मरणाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका निवासात ठेवावं लागलं. जागा स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती. त्यांच्यापुढे अडचण एकच होती, आणि ती ईशानं मला फोनवर सांगितली. "काका, बाबा जेवतच नाही. ही जस्ट स्टँड्स अ‍ॅट द डोअर. त्याला वाटतं, कुणीतरी यायचंय अजून."

जेवणघराच्या दारात तो उभा राहायचा. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, थरथरणारी माणसं, एकेकाला आत जाऊ द्यायचा, कुणाला हात द्यायचा, आणि स्वतः आत जायचाच नाही. माधवीवहिनी रोज दुपारी तिथे जायच्या. "सगळे आले, नंदू. चल आता."

"डॉक्टर?"

"आले."

"शशी?"

"तोही आला."

मग तो खिडकीतून बाहेरच्या पार्किंगकडे बोट दाखवायचा. "मग ते कोण येतंय?" आणि तिथे कुणाची ना कुणाची गाडी आत वळत असायचीच. त्याला जबरदस्तीनं बसवलं तर तो घास तोंडात धरून ठेवायचा. अंगावरचं मांस झरझर उतरलं.

मला वाटलं, आपण प्रत्यक्ष तिथे जाऊन बसलो तर त्याला पटेल. खुळचट कल्पना होती, पण दुसरं काय करणार होतो? गेलो. दारातच भेटला. त्याचा स्वेटर त्याला दोन मापांनी मोठा झाला होता. मी म्हटलं, "नंदू, मी शशी. मी आलो बघ. आता कुणी राहिलं नाही." त्यानं माझ्याकडे फार सौजन्यानं पाहिलं, दाराला पाठ लावून वाट करून दिली आणि म्हणाला, "प्लीज, यू गो अहेड." आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी इंग्रजीत बोलला. मी आत गेलो. माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसलो. तो बाहेरच होता.

अंत्यसंस्काराला आम्ही मोजकीच माणसं होतो. ईशा दोन वाक्यं बोलली, डॉक्टरांना बोलवेना. बाहेर आलो तर वारा सुटला होता. "जन्मभर मागे राहिला आणि शेवटी पहिला नंबर लावला लेकानं," असं डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. मग सगळे आपापल्या मोटारीत बसलो. इंजिनं सुरू झाली, काचांवरची वाफ गेली, तरी कुणाचीही गाडी हलेना. डॉक्टरांनी काच खाली केली.

"शशी, नीघ की."

"तुम्ही व्हा पुढे."

"वहिनींना जाऊ दे आधी."

वहिनी ईशाच्या गाडीत होत्या. ईशाचा पाय ब्रेकवर होता, मागचे लाल दिवे लागलेले दिसत होते. नीला उतरून त्यांना सांगायला गेली. परत येऊन गाडीत बसली. म्हणाली, "त्या म्हणतायत, सगळ्यांना आधी जाऊ दे. त्या शेवटी निघणार."

मग आम्ही निघालो. आधी डॉक्टर, मग बाकीचे, मग आम्ही. रस्त्याला लागण्यापूर्वी मी वळून पाहिलं. ईशाची गाडी तशीच उभी होती, लाल दिवे लागलेले, आणि तिच्या मागे सगळं आवार रिकामं होतं.