म्यानातल्या करवती

“काप! काप म्हंतो ना! जालं काप!”

घोडबंदरच्या खाडीत तांडेल आपल्या होडीच्या टोकाशी उभा राहून ओरडत होता. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. आमच्या तांडेलाचा आवाज असा, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे, आणि त्यातले काही तर परत आलेच नाहीत. मी वाढवून सांगतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल, पण आवाजाचं कमीच सांगतोय.

“काका, नवं जालं हाय!” पुतण्या रडकुंडीला आला होता. जाळ्यात काहीतरी जड अडकून होडी कलली होती.

“नव्याला काय चाटू? सर बाजूला!” तांडेलानं स्वतःच सुरी चालवली. जाळं उभं फाटलं आणि गिरकी घेऊन वर आला तो तिवराचा कुजका ओंडका.

धक्क्यावर हशा पिकला. तांडेल आमच्याकडे पाठ करून बसला. “असंल,” तो म्हणाला, “मला ती वाटली.”

ती कोण, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. हसू तिथंच विरलं.

मी तेव्हा भाईंदरच्या मिठागरात वजनकाट्यावर होतो. मासे खारवायला तांडेल माझ्याकडून मीठ न्यायचा आणि मला ‘खारट’ म्हणायचा. माझं खरं नाव त्याला कधी कळलं की नाही, देव जाणे.

हाच तांडेल पूर्वी निराळा होता. नायलॉनची जाळी नुकती निघाली होती. त्यानं पहिलं जाळं घेतलं तेव्हा लग्नात नवरीला लावतात तसं त्याला हळदकुंकू लावून होडीत बसवलं. त्यात कासव अडको की आणखी काही, सोडवण्यासाठी एक दोरा तोडायचा नाही. “जालं इकतचं, मासा फुकटचा,” हे त्याचं ब्रीद. ते तो नारळ फोडावा तसं म्हणायचा.

त्याच जाळ्यात, लावलं होतं बोय माशासाठी, करवत मासा आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला नसेल. अंग मुशीसारखं, म्हणजे शार्कसारखं, आणि तोंडापुढं लांब चपटी पट्टी, तिला दोन्हीकडून दात. ती करवत किती लांब होती म्हणाल तर धक्क्यावर माझ्या खांद्याला लागत होती. भाईंदर स्टेशनात सांगितली तेव्हा डोक्यावरून गेली, आणि बातमी गोडदेवला पोचेस्तोवर तिचा ताड झाला होता.

दुसरा मासा जाळ्यातून निसटला असता. ह्या मादीचा एकेक दात एकेका फासात. जितकी झटके, तितकी गुंते. एक खलाशी म्हणाला, “तांडेल, चार फासे कापू. जाईल बिचारी.”

“जालं इकतचं,” तांडेल म्हणाला, आणि वल्हं उचललं.

मी मिठाची पोती घेऊन पोचलो तेव्हा तिचं पोट फाडत होते. आत पिल्लं निघाली, पुरी वाढ झालेली. तांडेलाच्या बायकोनं, तिला सगळे आत्या म्हणायचे, एक पिल्लू उचललं. त्याच्या तोंडापुढं इवलीशी करवत, आणि करवतीवर नरम कातड्याचं म्यान. आत्यानं ते बोटानं दाबून पाहिलं.

“आयशीला लागू नये म्हनून,” ती म्हणाली.

मग तांडेल हसला, गरजेपेक्षा मोठ्यानं. “मीठ टाक रं, खारट!”

संध्याकाळी सगळा पाडा पोटभर जेवला. करवत तांडेलाच्या दारावर चढली. माणसं ती बघायला खारी गावाहून, कुठून कुठून यायची. तांडेल गोष्ट रंगवून सांगायचा, मी मागून मसाला घालायचो.

काही वर्षांनी जेवण वाढता वाढता आत्यानं सहज विचारलं, “मग दुसरी कवा दिसली?”

तांडेलाचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून तो येणाऱ्याजाणाऱ्या होडीला विचारू लागला. कुणालाच दिसली नव्हती.

“जवला बघ, खारट,” एकदा धक्क्यावर वाळत घातलेल्या इवल्या कोळंबीकडे बोट दाखवून तो मला म्हणाला. “हत्यार न्हाय, डोकं न्हाय. टोपल्या भरून खा, सकाली पुन्ना हाजीर. हिला देवानं हत्यार दिलं, तेच जाल्यात घावतं. पोरं हाताच्या बोटांवर. वाढायला वरसं जातात. आन् बालंतपनाला येयाची कुठं? आपल्याच उथल खाडीत.” तो थांबला. “म्हायेरी आलेली व्हती रं ती.”

मी खिशातलं पान काढून स्वतःच तोंडात कोंबलं. एरवी माझं बोलणं थांबवायला लोकांना मला पान खायला घालावं लागतं.

त्यानंतर एकदा मी ऑफिसातले पाहुणे मुद्दाम करवत दाखवायला नेले. दारावर नुसता खिळा.

“तांडेल, दाखवा की आपली करवत!”

“कंची करवत? मी न्हाय पकडली.” मग पाहुण्यांना म्हणाला, “ह्यो मीठवाला लई थापा मारतो.”

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. जन्मात एकदा मी खरं बोलत होतो! पण तांडेलाची मान खाली होती, म्हणून म्हटलं, “हो, थापच मारली.” निघताना दिसलं, करवत आत खाटेखाली होती, फाटक्या जाळ्यात गुंडाळलेली.

तेव्हापासून त्याच्या होडीत वल्ह्याशेजारी एक सुरी असायची. रोज धार लावलेली. मासा कापायला ती कुणी उचलली तर तांडेल अंगावर यायचा. ती आली, तर तिच्यासाठी जाळं कापायची सुरी होती ती. शेवटपर्यंत तिनं जाळं कापलं ते एकदाच, एका ओंडक्यासाठी.

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर आत्या अंगणात टोपलीभर बोय घेऊन बसली होती. हातात तीच सुरी, खवले उडत होते.

न राहवून म्हणालो, “आत्या, ही तर त्यांची...”

“हां, तीच,” आत्या म्हणाली. “हिनं बोय कापते. दुसरं आता येतंय कोन?”